हिरवा ठिपका आणि काट्यांची राख

पेस्ट लावून झाली की मी चूळ भरत नाही. नुसती थुंकते आणि तशीच स्वयंपाकघरात येते. हल्ली मी लेकाकडे असते. सून म्हणते, "आई, तोंडाला फेस आहे." असू दे म्हणते. ह्या वयात मला हे असलं वागायला शिकवलं ते आमच्या शेजाऱ्याने. अर्धं आयुष्य त्या माणसाने दातांवर बोलून बोलून माझं डोकं खाल्लं. तोंड उघडलं की दात, स्वतःचे नाहीतर दुसऱ्याचे. इतका वैताग होता मला त्याचा, की तो जिन्यात दिसला तर मी खालच्या मजल्यावर उगाच कुणाकडे तरी मिरच्या मागायला शिरायची. आणि तरी बघा, थुंकते आणि चूळ भरत नाही.

लालबागला आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. मधली भिंत म्हणायला भिंत. पलीकडे चमचा पडला की अलीकडे आम्ही वाकून बघायचो. चाळीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. मालवणकडचे. गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ पाजतात, ते खातं. खळ नीट बसली नाही तर धागा मागावर तटातट तुटतो. खळ झाली की नाही हे बघायची साहेब लोकांची काही साधनं असतील, पण अण्णा अंगठा आणि पहिलं बोट ह्यांत थेंब घेऊन चोळायचे आणि सांगायचे, झाली. ते खात्यात चाललं असेल. पण ही दोन बोटं त्यांनी घरी आणली. चुना, भिंतीचा रंग, बाळाच्या अंगाची पावडर, काहीही दिसलं की बोटांत धरून चोळायचं आणि मान हलवायची. माझ्या घरात येऊन माझ्या आमटीत बोट घालणारा हा जगातला एकच परका पुरुष. "बाय, डाळ घोटूक नाय." अहो, तुम्हाला विचारलंय कुणी?

मी घाटावरची, साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुडीच्या कागदावर, आणि इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून आणि नंतर मुलाच्या पुस्तकांतून. मला वाचता येतं हे अण्णांना कळलं आणि तिथेच माझा घात झाला. औषधाची बाटली, तेलाचा डबा, काहीही घेऊन यायचे. "वाच गो. बारीक लिवलेला आधी वाच. मोठा लिवलेला सगळा खोटा असता."

हे दातांचं वेड त्यांना आधी नव्हतं. संपाने लावलं.

गिरणीत विडीला बंदी. कापसाला ठिणगी लागली तर संपलंच. म्हणून सगळे खातेवाले तंबाखू चघळायचे. अण्णांचे दात तेव्हा चिंचोक्यासारखे होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अख्ख्या चाळीचे तसेच, बायका मिश्री लावणाऱ्या. संप लागला. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता लोक गावाकडे जायला लागले. अण्णा गेले नाहीत. फोर्टात एका कचेरीच्या दारावर माणूस पाहिजे असं कळलं, तर काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शर्ट धुऊन तांब्याने इस्त्री करून दिली आणि अण्णा गेले. तिथल्या बाबूने नाव विचारलं. अण्णांनी सांगायला तोंड उघडलं. बाबू म्हणाला, "दारात उभं राहणाऱ्याचं तोंड लोकांना आधी दिसतं. तुम्ही नको."

हे त्यांनी मला सांगितलं नाही. काकींना सांगितलं, भिंतीपलीकडे, अगदी हळू. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तंबाखूची चंची गॅलरीतून खाली गेली आणि अण्णांच्या शेगडीवर माशाचे काटे भाजायला लागले.

त्यांचं शास्त्र असं. दात म्हणजे हाड. माशाचा काटा म्हणजेही हाड. "हाडाक हाडच व्हया," म्हणायचे. मधला जाड काटा पांढरा होईपर्यंत भाजायचा, खलबत्त्यात कुटायचा, गिरणीतून कधीतरी आलेल्या मलमलीच्या तुकड्यातून गाळायचा, वर मीठ आणि चिमूटभर लवंग. संपात सुरमई कोण आणतोय? पण बांगडे स्वस्त असायचे, कुणाकडे ना कुणाकडे शिजायचेच. जेवणं झाली की हा माणूस हातात ताटली घेऊन दारोदार. "काटे टाकू नकात." लोक तांदूळ उसने मागत होते त्या दिवसांत, आणि हे उष्टे काटे मागत होते. चाळीतली सगळी मांजरं त्यांच्या दारात बसलेली. त्यांच्याशीही भांडण. "तुमका रोज गावता. आज माका." आणि तो भाजल्याचा वास. माझा मावसभाऊ गावाहून आला होता, नाकाला रुमाल लावून हळूच विचारतो, "शेजारी कुणी गेलं का?"

आमचे हे एकदा चिडलेच. म्हणाले, "अण्णा, चावायला काय नाय घरात आणि तुम्ही दात कसले घासताय?"

अण्णा म्हणाले, "गिरण संपार गेली म्हणान दातांकय संपार धाडू?"

हे चपला घालून खाली निघून गेले.

काही महिन्यांनी अण्णा पुन्हा फोर्टात गेले आणि ह्या वेळी दारावरची नोकरी घेऊन आले. दात पांढरे झाले होते हे खरं. आता मला विचाराल तर तंबाखू सुटली होती, दाढी केली होती आणि बाबूही दुसराच होता. पण हे त्यांना सांगून बघा. त्यांच्या लेखी गिरणीने उपाशी मारलं आणि काट्यांच्या राखेने जगवलं. संपात अख्खं लालबाग बसलं, तेव्हा त्यांच्या घरातली चूल त्या बरणीने पेटती ठेवली, असं ते शपथेवर सांगत. ती बरणी देवाच्या फळीच्या खालच्या फळीवर. वरच्या नाही, कारण आत मासा.

आणि ह्या माशावरून जो तमाशा झाला तो फक्त आमच्याच चाळीत होऊ शकतो. सोमवार आला. काकींचा सोमवार म्हणजे काय विचारू नका, कांदासुद्धा बघायच्या नाहीत. अण्णा सकाळी मोरीत राख घेऊन उभे, आणि काकी कमरेवर हात देऊन त्यांच्यासमोर.

"अवो, आज सोमवार."

"मगे?"

"मगे काय? तोंडात मासो घालतास."

"गिळतंय थंय? थुकतंय."

"थुकल्यार काय झाला? जिभेक कळता."

हा वाद गॅलरीभर झाला. भजनाचे बुवा म्हणाले, जळलं की ती राख, राखेला मासा म्हणत नाहीत. काकी म्हणाल्या, "तुमच्या घरात चालवा." शेवटी सोमवारी बंद. मग गुरुवार. मग शनिवार. मग चतुर्थी, एकादशी, नवरात्र, अख्खा श्रावण आणि पुढे गणपती विसर्जन होईपर्यंत. त्या त्या दिवशी अण्णांनी मीठ आणि मागच्या आवारातल्या आंब्याचं पान घ्यायचं. अण्णा धुसफुसायचे. "हिच्या उपासांनी माझे दात खलास होतले." हे वाक्य लक्षात ठेवा.

काकींचे स्वतःचे दात लवकर गेले. मिश्री आणि बाळंतपणं. त्यांनी कवळी बसवून घेतली आणि शेंगदाण्यापासून खेकड्यापर्यंत सगळं खायला लागल्या, एकदम खूश. अण्णांना त्या कवळीचा भारी तिटकारा. रात्री ती पेल्यात पाण्यात ठेवलेली असायची, तर पेल्यावर झाकणी ठेवायचे. "भाड्याचे दात," म्हणायचे. "खोली भाड्याची. गिरण होती ती मालकाची. दारार उभो रवतंय तो युनिफार्म कंपनीचो. दात तेवढे माझे. ते मी घेवन जातलंय." हे ते इतक्यांदा म्हणाले की माझी पोरं भातुकलीत म्हणायची.

माझ्या मुलीला बघायला मुलगा आला तेव्हाची गोष्ट. आम्ही पोह्यांच्या बशा फिरवतोय तेवढ्यात अण्णा आत. न बोलावता. मुलाच्या समोर स्टूल घेऊन बसले. "नोकरी खंय?" मुलाने सांगितलं. "बरा. आता हास." मुलगा बिचारा हसला. अण्णा वाकून, चष्मा वर करून बघतायत. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर, "मुलगो बरो आसा. उजवी दाढ तेवढी दाखवून घेवा." मुलाकडच्यांना वाटलं, हे घरातले वडीलधारे. लग्न झालं. त्या जावयाने पुढे ती दाढ काढली, आणि अण्णांनी ती बातमी मला मी विसरू नये म्हणून दर दिवाळीला सांगितली.

वर्षं गेली. गिरणीच्या जागी काचेच्या इमारती आल्या. समोर करी रोडकडे एक टॉवर इतका उंच गेला की आमच्या गॅलरीत दुपारीच संध्याकाळ व्हायची. अण्णा दारावरून निवृत्त झाले, आमचे हे गेले, पोरं आपापल्या वाटेला लागली. मी आणि ते दोघं, भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे. राख चालूच. आता कोळीणच सुरमईचे काटे वेगळे बांधून द्यायची.

मग एका सकाळी मला पलीकडून बशी आपटल्याचा आवाज आला. अण्णा चहा बशीत ओतून, वाफाळता, एका दमात प्यायचे. त्या दिवशी एक घोट घेतला आणि बशी खाली. तोंडावर हात. काकी सांगत होत्या, महिनाभर हेच चाललंय. गरम लागतं, थंड लागतं, वारा लागला तरी कळ. पण डॉक्टरकडे चला म्हटलं की, "आणि थंय जावन काय, कवळी घालून घेव?" भीती ती होती. दुखतंय ह्याची नाही. कवळीची.

काकींनी मला हाताशी धरलं, मी अण्णांना धरलं. परळला एक दातांची डॉक्टर आहे, तरुण मुलगी, हसरी. तिने आरसा घालून बघितलं, बराच वेळ.

"आजोबा, दात सगळे तुमचेच आहेत. कमाल आहे."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्यावर केस केली होती आणि हरले.

"पण वरचं आवरण पार झिजलंय. पुढचे चार तर पातळ पातळ झालेत. तुम्ही कशाने घासता?"

अण्णांनी खिशातून पुडी काढली. बरोबर आणली होती. तिने ती राख हातमोज्यावर घेतली, चोळली आणि तिचा चेहरा उतरला. "हे वाळूसारखं आहे हो. किती वर्षं?"

"संपापासना."

तिला संप कळला नाही. मी म्हटलं, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून."

"रोज?"

तेव्हा काकी पुढे सरकल्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, श्रावण, सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "म्हणून राहिले. रोज लावली असती ना, तर आज बघायला काही उरलं नसतं."

काकींनी पदर नीट केला फक्त. मी त्यांना तितकं सुखी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही बघितलेलं नाही.

मग तिने समजावून सांगितलं, आणि मी ते नीट ऐकून ठेवलं, कारण ऐकायचं काम माझंच होतं. झिजलेलं आवरण पुन्हा उगवत नाही. राख आजपासून बंद. ब्रश मऊ. दात आणि हाड ज्या खनिजाचे बनलेले असतात त्याला हायड्रॉक्सीॲपटाइट म्हणतात, तेच अगदी बारीक करून घातलेली पेस्ट मिळते. ती कळ कमी करते आणि जे आवरण शिल्लक आहे त्याला आधार देते. खड्डा मात्र भरत नाही, कुणी सांगितलं तर खरं मानायचं नाही. खोक्यावर त्याचं नाव स्पष्ट असावं, घटकांत वरच्या बाजूला असावं, शेवटी वासाच्या आणि रंगाच्या मागे नावापुरतं नको. किती घातलंय ते जी कंपनी सांगते ती बरी. दात चमकवणारी आणि कोळशाची घ्यायची नाही. लावल्यावर लगेच खळखळून चूळ भरायची नाही. आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. "आणि ती नाहीच मिळाली तर साधी फ्लोराइडची घ्या, तीही चांगली आहे. राख सोडून काहीही चालेल, आजोबा. नाहीतर पुढचे चार काढावे लागतील."

एवढ्या सगळ्यातलं अण्णांनी काय ऐकलं? जिना उतरताना कठड्याला धरून थांबले. "ऐकलंस? हाड म्हणाली. मी संपात सांगतलेला तां डाक्टरांका आता कळला."

"अण्णा, तिने राख बंद सांगितली."

"राख बंद. हाड चालू."

तिथून माझे हाल सुरू झाले. लालबागपासून दादरपर्यंत औषधाचं दुकान सोडलं नाही. पहिल्याच दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, "हाडाची पेस्ट आसा?" तो म्हणाला, "काका, कुत्र्यासाठी पाहिजे का?" अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी." त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी खोक्यांकडे बघितलं.

दुसऱ्या दुकानात मी वाचून दाखवलं, तर ते खनिज सगळ्यात शेवटी, गोड चवीच्याही खाली. अण्णा म्हणाले, "हेना हाड नुसता दाखवलान." तिसरीकडे नुसतं कॅल्शियम. चौथीकडे नळीचं टोपण उघडून बोटात घेऊन बघायची परवानगी मागितली. दुकानदार नाही म्हणाला, तर त्याला खळ कशी तपासतात ते सांगायला लागले. मागे औषधाला माणसं खोळंबलेली. एकाच्या हातात तापाने फणफणलेलं पोर. मी त्यांना शर्टाला धरून बाहेर काढलं.

शेवटी दादरला, स्टेशनच्या बाजूच्या एका मोठ्या दुकानात हवी तशी मिळाली. नाव स्पष्ट, वरच्या बाजूला, किती घातलंय तेही लिहिलेलं. मी म्हटलं, सुटले. अण्णांनी खोकं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि परत फळीवर ठेवलं.

"काय झालं?"

"हिरवो ठिपको."

खाण्याच्या पाकिटावर असतो तसा तो शाकाहारी ठिपका. मी बघितलाच नव्हता.

"ह्या शाकाहारी आसा. ह्येच्यात हाड नाय."

दुकानातल्या मुलीने सांगितलं, "काका, हे कारखान्यात तयार करतात. प्राण्याचं नसतं, पण तेच असतं."

"हाड कारखान्यात?"

"हो."

"मगे कशाचा काढतत? भेंडीचा?"

ती मुलगी हसून हसून खाली बसली. मला हसू येत नव्हतं. माझे गुडघे दुखत होते, आणि समोर एक म्हातारा, चहासुद्धा पिता येत नाही, पुढचे चार दात जायच्या वाटेवर, आणि केवळ भेंडीला हाड नसतं म्हणून नको म्हणतोय. मी म्हटलं, "अण्णा, मरा तिकडे." ते शांतपणे बाहेर जाऊन उभे राहिले. मी ते खोकं घेतलं आणि पिशवीत केळ्यांच्या खाली घातलं.

घरी येऊन काकींना दिलं. त्यांनी खोक्यावरचा ठिपका बघितला आणि म्हणाल्या, "थांब. चार दिवसांनी श्रावण."

श्रावणाच्या पहिल्या सकाळी मी भिंतीला कान लावून उभी. लाज कसली त्यात.

"राख खंय?"

"वर बांधून ठेवलंय. श्रावण लागलो."

"पान?"

"झाड तोडल्यानी टॉवरवाल्यांनी. पान खंयसून आणू? ह्या लावा. हिरवो ठिपको आसा. श्रावणात चलता."

टोपण खाली पडून घरंगळल्याचा आवाज आला. मग अण्णांचा आवाज. पेस्ट दोन बोटांत घेऊन चोळत असणार. "खरखर नाय हेका. ह्या काय घासतला?"

"घासूचा नाय. लावूचा."

ह्या एका शब्दावर गाडी पुढे सरकली बहुतेक. थोड्या वेळाने गॅलरीत आले, तोंडाला पांढरा फेस. मी म्हटलं, चूळ भरा. म्हणाले, "डाक्टरीण काय म्हणाली? धाग्याक खळ लावून कोण धुता? ती बसाक व्हयी." त्यांना एकदा खळ सापडली आणि मग आवरेनात. रोज सकाळी तोंडात फेस घेऊन गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, भेटेल त्याला सांगत, सांगताना समोरच्याच्या अंगावर शिंतोडे. "चूळ भरू नकात. सुकाक द्या." दूधवाला लांबून पिशवी ठेवून पळायला लागला.

श्रावण संपला, गणपती आले. मी आरतीला त्यांच्याकडे गेले होते. आरती झाली, काकींनी चहा दिला. अण्णांनी बशीत ओतला, वाफ येत होती, आणि एका दमात प्यायले. काकींनी माझ्याकडे बघितलं. मी काकींकडे. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, पेस्ट लागू पडली म्हणायची."

"पेस्ट?" बशी खाली ठेवत म्हणाले. "पाया राखेचो आसा म्हणान."

आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं?

गणपती पोचवले. दुसऱ्या दिवशी चाळीत घरोघरी मासळी. अण्णांकडे सुरमई. काकींनी मला जेवायलाच बोलावलं, एकटी काय करतेस म्हणून. जेवलो. अण्णांनी मधला काटा चोखून, स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवला. मग उठले, हात धुतले आणि वर बांधून ठेवलेली बरणी खाली काढली. तळाला थोडी राख होती. शेगडी केव्हाच गेली होती, आता गॅसवर जाळी ठेवून भाजायचे. त्यांनी जाळी काढली.

मी म्हटलं, "अण्णा, डॉक्टरने काय सांगितलंय?" ते म्हणाले, "थोडी. दोन्ही लावतंय. ह्या घासूक, तां बसाक." आणि दोन बोटांत राख घेऊन माझ्यापुढे चोळली. "बघ. खरखर लागता? खंय लागता? लोण्यासारखी आसा."

त्या बोटांना लागणार कशी? गरम खळीत भाजून भाजून ती बोटं कधीच निबर झाली होती. उकळता टोप फडक्याशिवाय उतरवायचे ते.

टेबलावर अण्णांचा चष्मा होता, त्यांच्या लेकाने नवीन करून दिलेला. काकींनी तो उचलला, बरणीत बोट बुडवलं आणि एका काचेवर राख चोळायला लागल्या. दात घासतात तशी. वरखाली, वरखाली, सावकाश. अण्णा बघत उभे. मी बघत बसलेली. मग त्यांनी काच पदराने पुसली, आणि चष्मा नवऱ्याच्या नाकावर आपल्या हाताने चढवला.

"बघा."

अण्णांनी खिडकीकडे तोंड केलं. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग चष्मा काढून काच उजेडाला धरली. अंगठ्याने पुसली. धुकं गेलं नाही.

"ह्या काय केलंस?"

"तुम्ही इतकी वर्सां दातांका जां केलात," काकी म्हणाल्या, "तांच मी चष्म्याक केलंय."

अण्णा खाली बसले. काच फिरवून फिरवून बघत राहिले, बोटांत खळ बघायचे तशी. मग म्हणाले, "हेना माका नोकरी दिल्यान गो." आवाज असा, की मला वाटलं आपण उठून जावं.

"दिल्यान," काकी म्हणाल्या. "म्हणान काय आता दात देतास तेका?"

मग ते उठले. ताटातला काटा उचलला. मला वाटलं, जाळीवर ठेवणार. पण ते गॅलरीत गेले. कठड्यापाशी एक काळं मांजर बसलेलं असायचं, वर्षानुवर्षं आशा लावून. अण्णांनी काटा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घे. जिंकलस."

उरलेली राख काकींनी तवे घासायला घेतली. अण्णा कधी कधी तव्यावरून बोट फिरवून बघायचे. "तव्याक बरी आसा," म्हणायचे.

चष्मा मात्र त्यांनी बदलला नाही. लेक म्हणाला काच बदलून देतो, तर नको म्हणाले. एका डोळ्याने जग बघत आणि दुसऱ्याने धुकं बघत राहिले. आणि ह्याचा त्रास कुणाला? मला. बारीक अक्षर त्यांना आता मुळीच दिसेना. नळी संपत आली की हाक भिंतीतून. "बाय, चल दादराक." त्याच दुकानात, तीच पेस्ट, आणि दर वेळी मी सगळे घटक वरपासून खालपर्यंत वाचायचे, कारण कंपनी मधेच काही बदलेल, भरवसा नाही. ती दुकानातली मुलगी आम्हाला बघून आधीच हसायची. "काका, भेंडीचं हाड आलंय," म्हणायची. अण्णा म्हणायचे, "हिरवो ठिपको बघ आधी, श्रावण इलो."

गेले ते झोपेतच, फार त्रास न देता. त्यांच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं. सकाळी भिंतीपलीकडून काकींनी हाक मारली, नुसतं माझं नाव, आणि मी ओळखलं. चाळ जमली. लेक गावच्या पद्धतीने सगळं करत होता. तुळशीचं पान आणि पाणी घालायला त्याने बापाचं तोंड हळूच उघडलं. काकी डोक्याशी बसल्या होत्या. कवळी घालायचं भानच राहिलं नव्हतं, गाल आत गेलेले. रडत नव्हत्या. वाकून त्यांनी आत बघितलं, वरची ओळ, खालची ओळ, नीट, डॉक्टरने बघितलं तसं. मग माझा हात ओढून मला खाली वाकवलं आणि कानाशी म्हणाल्या,

"बघ गो. एकय भाड्याचो नाय."